न दिसणाऱ्याचं वजन

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. एरवी आपण कर्ज, विमा, परसबाग, कुक्कुटपालन असं बोलतो. आज थोडं लांबचं बोलायचं आहे, आणि त्यातच आमच्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. सुरुवात मात्र आपल्याच घाटापासून करू.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावड्याच्या पुढे वैशाखरे गाव येतं. तिथून नाणेघाटाची जुनी वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवर याच वाटेने जुन्नरला जात असे. वर पोहोचलं की जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण दिसतो आणि कातळात कोरलेली एक लेणी लागते. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत काय काय दान दिलं ते त्यात नोंदवलं आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. नुसतं ‘पुष्कळ दिलं’ असं न लिहिता आकडे कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. म्हणजे हिशेब लिहून ठेवणाऱ्या बाईची परंपरा आपल्या घाटात फार जुनी आहे.

त्याच घाटापलीकडे, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथे पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या मोठमोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा तीस तबकड्या मिळून एक रेडिओ दुर्बीण होते. चौदा खोडदजवळ एकत्र आहेत आणि सोळा तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांना पाहायला मिळते. एका वर्षी आम्ही गटातल्या बायका दोन जीपगाड्या करून माळशेजमार्गे गेलो होतो.

तिथे एक विद्यार्थी माहिती सांगत होता. क्वेसार नावाच्या लांबच्या ज्योती, त्यांच्या पोटात बसलेलं कृष्णविवर, त्याचं वजन कोट्यवधी सूर्यांइतकं. आमच्यातल्या एका मावशींनी त्याला थांबवलं. त्या म्हणाल्या, “बाळा, ते दिसत नाही म्हणतोस, तिथे कुणी जात नाही म्हणतोस, मग कोणत्या काट्यावर वजन केलं?” मुलगा हसला नाही. तो म्हणाला, “मावशी, हा प्रश्न सोडवायला लोकांना दोनशे वर्षं लागली.” परत आल्यावर आम्ही पुस्तकं चाळली, कॉलेजातल्या सरांना विचारलं. जे समजलं ते आज सांगतो.

कृष्णविवर हा शब्द आपल्या घरांत पोहोचवला तो जयंत नारळीकरांनी. १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. कल्पना मात्र त्याहून खूप जुनी. १७८३ साली इंग्लंडमधल्या जॉन मिचेल या धर्मोपदेशकाने लिहिलं की एखादा तारा इतका भारी असू शकेल की त्याचा उजेडसुद्धा त्याला सोडून जाऊ शकणार नाही. मग तो कळायचा कसा? मिचेलने उपायही सांगितला. त्याच्याभोवती दुसरं काही चमकणारं फिरत असेल, तर त्या फिरण्यावरून आतल्याचा सुगावा लागेल. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. ते अमलात यायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्याचं काम जोरात सुरू झालं. आत्ता तुम्ही आमचा आवाज ज्या लहरींवर ऐकता आहात, त्याच जातीच्या या लहरी. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी अशा स्रोतांची यादी केली. तिसऱ्या यादीतला २७३ क्रमांकाचा स्रोत म्हणजे थ्री-सी २७३. लहरी येत होत्या, पण नेमक्या कुठून ते कळत नव्हतं. १९६२ साली ऑस्ट्रेलियात पार्क्स इथल्या दुर्बिणीवर सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या साथीदारांनी चंद्राची मदत घेतली. चंद्र फिरत फिरत त्या स्रोताच्या आड येतो तेव्हा लहरी बंद पडतात. त्या क्षणी चंद्राची कड कुठे होती हे गणिताने काढता येतं, आणि स्रोत त्याच कडेवर असणार.

जागा कळली. तिथे मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर एका साध्या ताऱ्यासारखा ठिपका दिसत होता. अमेरिकेत मार्टेन श्मिट यांनी त्याच्या उजेडाचा वर्णपट घेतला, म्हणजे उजेड इंद्रधनुष्यासारखा फाकून पाहिला. १९६३च्या फेब्रुवारीत त्यांच्या लक्षात आलं की त्यातल्या रेषा हायड्रोजनच्याच आहेत, फक्त तांबड्याकडे सुमारे सोळा टक्के सरकलेल्या. आसनगाव स्टेशनात न थांबता मेल गाडी पुढे निघून जाते तेव्हा तिच्या भोंग्याचा सूर खाली येतो ना? लांब जाणाऱ्या वस्तूच्या उजेडाचंही तसंच होतं. तेवढं सरकणं म्हणजे तो ठिपका प्रचंड लांब होता. त्याचा उजेड निघाला तेव्हापासून सुमारे दोनशे कोटी वर्षं गेली. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या लांबून दिसतो म्हणजे तो ठिपका शेकडो दीर्घिकांइतका उजळ असला पाहिजे. ताऱ्यासारखं दिसणारं हे प्रकरण पुढे क्वेसार नावाने ओळखलं गेलं.

आता या गोष्टीत आपला जिल्हा येतो. १९६३ सालीच गोविंद स्वरूप नावाचे शास्त्रज्ञ होमी भाभांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतून मुंबईला परतले. त्यांच्याजवळ मोठी दुर्बीण नव्हती. ऑस्ट्रेलियात ते तरुणपणी शिकायला होते, तिथल्या वापरून झालेल्या, सहा फुटी बत्तीस तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या आणि काही वर्षं दिल्लीत पडून होत्या. त्या आणून १९६५ साली त्यांनी आपल्या कल्याणला उभ्या केल्या आणि सूर्याच्या रेडिओ लहरींचा अभ्यास सुरू केला. दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या सामानावर आपल्या देशातलं हे काम उभं राहिलं, तेही इथून लोकलने जाता येईल अशा ठिकाणी. आमच्या कितीतरी गटांची पहिली पेटीसुद्धा अशीच कुणाच्या तरी घरातली जुनी होती.

थ्री-सी २७३ची जागा चंद्राने दाखवली हे वाचून स्वरूप यांना सुचलं की हेच आपण शेकडो स्रोतांसाठी करू. त्यासाठी उटीजवळच्या डोंगरावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण बांधली. डोंगर असा निवडला की त्याचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे ११ अंश असावा. त्यामुळे ती एकाच आसाभोवती फिरवून तासन्‌तास आकाशाच्या मागे जाता येतं. ती १९७० साली सुरू झाली. त्यानंतर त्याच माणसाने खोडदची दुर्बीण उभी केली. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरली, म्हणून वजन कमी, वारा आरपार, आणि खर्च आवाक्यात. २०२० साली ते पुण्यात वारले.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खोडदची दुर्बीण कृष्णविवराचं वजन करत नाही. कृष्णविवराजवळून सुटणारे झोत लाखो प्रकाशवर्षं लांब पसरतात, त्यांच्या लहरी ती टिपते. वजन होतं ते साध्या उजेडावरून. ते कसं, ते आता पाहू.

१९६४ साली सॅल्पीटर आणि झेल्दोविच या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं की क्वेसारचा उजेड म्हणजे कृष्णविवरात पडणाऱ्या वायूची धग असावी. १९६९ साली लिंडन-बेल यांनी मांडलं की अशी विवरं अनेक दीर्घिकांच्या मध्यभागी असणार. विवर दिसत नाही, पण त्याच्याभोवती वायूचे ढग गरगर फिरतात आणि ते चमकतात. मिचेलने सांगितलेली साक्ष हीच.

भात निसवल्यावर माचावर उभं राहून गोफण फिरवली आहे ना? जितक्या जोरात फिरवावी तितकी दोरी घट्ट धरावी लागते. इथे दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. ढग किती वेगाने फिरतात आणि किती लांबून फिरतात, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की मधल्याचं वजन कळतं. वेग दुप्पट असेल तर वजन चौपट. अंतर दुप्पट असेल तर वजन दुप्पट.

वेग वर्णपटातून मिळतो. काही ढग आपल्याकडे येत असतात, काही लांब जात असतात. भोंग्याचा सूर जसा चढतो-उतरतो तशी उजेडाची रेषा दोन्हीकडे ताणून रुंद होते. जितकी रुंद, तितका वेग जास्त.

अंतर काढणं अवघड होतं. ते मिळालं प्रतिध्वनीतून. माहुलीच्या कड्यासमोर हाक मारली आणि दोन सेकंदांनी ती परत आली, तर कडा साधारण ३४० मीटरवर आहे, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो आणि त्याला जाऊन परत यायचं असतं. क्वेसारच्या मधला उजेड सारखा कमी-जास्त होतो. मध्यभाग उजळला की काही दिवसांनी भोवतालचे ढगही उजळतात. हा उशीर म्हणजे उजेडाला ढगांपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ. १९८२ साली ब्लँडफर्ड आणि मॅकी यांनी याचं गणित मांडलं. १९८८च्या अखेरीपासून अनेक देशांतल्या दुर्बिणींनी मिळून एनजीसी ५५४८ या त्यामानाने जवळच्या दीर्घिकेवर महिनोन्‌महिने पाळत ठेवली. हायड्रोजनच्या रेषेचा उशीर सुमारे तीन आठवडे निघाला. पुढे २००० साली शाई कास्पी आणि त्यांच्या गटाने १७ क्वेसारांचे उशीर प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी साडेसात वर्षं नोंदी ठेवल्या होत्या. ढगाळ रात्री आल्या, काही नोंदी चुकल्या, तरी वही बंद केली नाही.

थ्री-सी २७३चा हिशेब आपण आत्ता वहीवर करू शकतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. तिथले ढग साधारण ३००० किलोमीटर वेगाने फिरतात, म्हणजे शंभरपट. वेगाचा वर्ग घ्यायचा, म्हणून शंभर गुणिले शंभर, दहा हजार. सूर्याचा उजेड आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो. तिथे ढगांपर्यंत जायला त्याला सुमारे १४५ दिवस लागतात. दिवसांची मिनिटं करून भाग द्या, पंचवीस हजारपट येतं. दहा हजार गुणिले पंचवीस हजार म्हणजे पंचवीस कोटी. इतक्या सूर्यांचं वजन त्या न दिसणाऱ्या जागेत आहे. २०१८ साली चिलीमधल्या चार मोठ्या दुर्बिणींचा उजेड एकत्र करून शास्त्रज्ञांनी त्या ढगांचं फिरणं थेट पाहिलं. त्यांचा आकडा होता सुमारे सव्वीस कोटी.

पण त्याआधी, २००४ साली, याच क्वेसारचं वजन सुमारे ८९ कोटी सूर्य असं छापलं गेलं होतं. म्हणजे तिपटीहून जास्त! मग आधीचे लोक खोटं बोलत होते का? नाही. तेव्हाच्या नोंदींतून उशीर मोठा निघाला होता. शिवाय ढगांची चकती आपल्याला वरून दिसते की कडेने, हे पक्कं ठाऊक नव्हतं. गोफण फिरवणाऱ्याला अगदी वरून पाहिलं तर दगड आपल्याकडे येताना किंवा लांब जाताना दिसतच नाही, वेग कमीच वाटतो. त्यासाठी सरासरीचा एक आकडा धरून गुणावं लागत होतं. त्या लोकांनी हे सगळं लिहून ठेवलं होतं, म्हणून पुढच्यांना दुरुस्त करता आलं.

फार लांबच्या क्वेसारांच्या बाबतीत तर वर्षानुवर्षं पाळत ठेवायला सवडच नसते. तिथे एक जवळची वाट काढली आहे. होळी मोठी पेटली की माणसं मागे सरकतात. धग चौपट झाली तर दुप्पट लांब उभं राहावं लागतं. ढगांचंही जवळपास तसंच आहे. म्हणून क्वेसार किती उजळ आहे त्यावरून ढगांचं अंतर ताडता येतं. या कामात दोन बायकांची नावं आदराने घेतली जातात. मिस्टी बेंट्झ यांनी हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून भोवतालच्या ताऱ्यांचा उजेड वजा केला आणि नुसत्या होळीची धग किती ते नेमकं केलं. मारियान व्हेस्टरगार्ड यांनी २००६ साली ब्रॅडली पीटरसन यांच्याबरोबर अशी सूत्रं दिली की एकाच वर्णपटावरून वजनाचा अंदाज यावा. आज लाखो क्वेसारांची वजनं अशी एकेका नोंदीवरून काढलेली आहेत. पण असा एकेकटा आकडा तिपटीपर्यंत चुकू शकतो, हे त्या कामातली माणसं स्वतःच सांगतात. २०२४ साली अकराशे कोटी वर्षांपूर्वी उजेड निघालेल्या एका क्वेसारचं वजन चिलीतल्या त्याच दुर्बिणींनी थेट मोजलं. ते सुमारे ३२ कोटी सूर्य भरलं, त्या दीर्घिकेच्या मानाने अपेक्षेपेक्षा हलकं.

मैत्रिणींनो, हे समजून घेताना आम्हाला आमची एक बाई आठवत राहिली. तिचं नाव आणि पाडा सांगत नाही. दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. एका माघ महिन्यात आम्ही गटाची खाती तपासायला बसलो. तिचे तीन हप्ते चुकलेले, तीन बैठकांना गैरहजर. आम्ही तिच्या नावापुढे ‘थकीत’ लिहिलं. जेठात ती बियाण्यासाठी कर्ज मागायला आली तेव्हा तो एक शब्द वाचून गटाने नाही म्हटलं. ती काही बोलली नाही. पेटीतली आपली बचत मागून घेतली आणि गेली.

नंतर कधीतरी आम्ही तिची मागची पानं उलटली. चार वर्षांच्या नोंदी होत्या. दर वर्षी पौष, माघ, फाल्गुन कोरे. आणि दर वर्षी भट्टीवरचा हिशेब मिटला की आषाढात चार-चार हप्ते एकदम भरलेले, एकही रुपया बुडवलेला नाही. तिच्या हातात पैसा उशिरा यायचा, पण दर वर्षी तेवढ्याच उशिराने यायचा. तो उशीर वाचला असता तर तिची पत कळली असती. आम्ही एका महिन्याच्या नोंदीवरून तिचं वजन केलं आणि हा अंदाज आहे असंही पुढे लिहिलं नाही. पानं आमच्याच कपाटात होती. चूक आमची होती.

आम्ही तिच्या पाड्यावर दोनदा जाऊन आलो. ती अजून गटात परत आलेली नाही. बोलते, चहा देते, पण विषय काढला की पदर खोचून कामाला लागते.

आता आमच्या खातेवहीत एक रकाना वाढवला आहे: ‘घर कोणत्या महिन्यांत बाहेर असतं.’ आणि कुणाच्याही नावापुढे ‘थकीत’ लिहायचं तर आधी मागच्या दोन वर्षांची पानं बैठकीत मोठ्याने वाचायची, असा ठराव केला आहे. वाचायला वेळ जातो. काही जणी कंटाळतातही. तेव्हा त्या मावशी म्हणतात, “अगं, त्यांनी न दिसणाऱ्याला साडेसात वर्षं दिली, आपली बाई तर समोर बसलेली असते.”

तुमच्या गटात या महिन्यात थकबाकीची यादी होईल, तेव्हा एवढं करून पाहा. आणि पुढच्या २८ फेब्रुवारीला खोडदला यायचं असेल तर आत्ताच गटात नाव द्या, जीप लवकर भरते.